धनी नसलेल्या भूमीचा परवाना

परवाना हा शब्द आपल्या कानांस नवा नाहीं. बाजारांत दुकान मांडावयाचें असो, मोटार हांकावयाची असो, मिरवणूक काढावयाची असो किंवा सरकारी रानांतील लांकूड तोडावयाचें असो, आधीं परवाना काढावा लागतो हें लहान मुलांनाहि ठाऊक असतें. या सर्व व्यवहारांच्या मुळाशीं एक साधी कल्पना आहे. ती अशी कीं, प्रत्येक जागेला कोणी तरी धनी असतो. तो 'ये' म्हणेल तर आंत जावें, 'नको' म्हणेल तर परत फिरावें. परंतु ज्या भूमीला धनीच नाहीं, जिच्या वेशीवर पहारेकरी नाहीं, जेथें राजा नाहीं, कोतवाल नाहीं आणि न्यायाधीशहि नाहीं, तेथें पाऊल टाकण्यापूर्वीं परवानगी मागावी तरी कोणाकडे? आणि ती मागितली नाहीं तर अडविणार कोण? हा प्रश्न केवळ तर्काची करमणूक म्हणून आम्ही विचारीत नाहीं. अशी एक भूमि या पृथ्वीच्या पाठीवर खरोखरच आहे, आणि तेथें जाण्यासाठीं आज परवाना लागतो. तो कोण देतो, कशासाठीं देतो आणि त्याचा उपयोग कितपत होतो, याचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

ही भूमि म्हणजे दक्षिण ध्रुवाभोंवतीं पसरलेलें अंटार्क्टिका खंड होय. त्याचा विस्तार सुमारें १ कोटि ४० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारतदेशाच्या चौपटीहून अधिक आहे. जवळजवळ सर्व खंड बर्फाखालीं गाडलेलें असून त्या बर्फाची सरासरी जाडी सुमारें दोन किलोमीटर भरते. तेथील व्होस्तोक या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजीं उणें ८९.२ अंश सेंटिग्रेड इतकें तपमान नोंदलें गेलें. जमिनीवरील हवामानकेंद्रांत याहून नीच तपमान कोठेंहि नोंदलेलें नाहीं. या खंडाला मूळचा रहिवासी असा कोणीच नाहीं. शास्त्रज्ञ व त्यांचे मदतनीस येतात, कांहीं महिने किंवा फार तर एक-दोन वर्षें राहतात आणि परत जातात. घर, शेत, गांव, स्मशान यांपैकीं जीं जीं स्वामित्वाचीं चिन्हें आपण मानतों, तीं पिढ्यान्‌पिढ्या निर्माण करणारा मनुष्यसमाज तेथें कधीं नव्हताच.

तथापि मनुष्य नसला तरी मनुष्याचा लोभ तेथवर पोंचल्याशिवाय राहिला नाहीं. ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, चिली व अर्जेंटिना या सात राष्ट्रांनीं या खंडाच्या निरनिराळ्या भागांवर आपापला हक्क सांगितला. त्यांतील ब्रिटन, चिली व अर्जेंटिना यांचे हक्क तर एकमेकांच्या अंगावर आलेले होते. अशा स्थितींत तंटा विकोपास जाण्यापूर्वींच १ डिसेंबर १९५९ रोजीं वॉशिंग्टन येथें बारा राष्ट्रांनीं एका करारावर सह्या केल्या, आणि २३ जून १९६१ पासून तो अंमलांत आला. या प्रदेशाचा उपयोग केवळ शांततेच्या कामासाठींच करावा, तेथें लष्करी तळ बांधूं नयेत, अणुस्फोट करूं नयेत, आणि शास्त्रीय संशोधनाची मोकळीक सर्वांना असावी, असें त्यांत ठरलें. परंतु त्या करारांतील सर्वांत चतुर कलम चौथें होय. त्यानें कोणत्याहि राष्ट्राचा हक्क मान्य केला नाहीं आणि अमान्यहि केला नाहीं. करार चालूं आहे तोंपर्यंत कोणीहि नवा हक्क सांगूं नये, जुना वाढवूं नये, एवढेंच तें सांगतें. भांडण मिटलें नाहीं, पण तें तेथील बर्फाबरोबर गोठून राहिलें. आपला भारत १९८३ सालीं या करारांत सामील झाला, आणि त्याच वर्षीं त्यास निर्णयांत भाग घेण्याचा अधिकारहि मिळाला.

या करारांत एक उणीव होती. निसर्गरक्षणाचे कांहीं नियम वेळोवेळीं ठरले होते. परंतु सर्व उद्योगांस एकत्र लागू पडेल असें बंधन नव्हतें. पुढें भूगर्भांतील खनिजांकडे राष्ट्रांचें लक्ष वळलें, आणि १९८८ सालीं खाणकामाचे नियम ठरविणारा एक करार तयारहि झाला. परंतु दुसऱ्याच वर्षीं ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनीं त्याला संमति देण्याचें नाकारलें, व तो मसुदा बाजूस पडला. त्याच्या जागीं ४ ऑक्टोबर १९९१ रोजीं माद्रिद येथें निसर्गरक्षणाचा जोडकरार झाला, आणि १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू झाला. त्यानें सबंध खंड 'शांतता व विज्ञान यांस वाहिलेलें निसर्ग-राखीव क्षेत्र' म्हणून ठरविलें, आणि शास्त्रीय अभ्यासाखेरीज खनिजांच्या कोणत्याहि उद्योगाला मनाई केली. ही मनाई २०४८ सालीं आपोआप संपणार, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें खरें नाहीं. त्या सालानंतर कराराची फेरतपासणी मागतां येईल इतकेंच. मनाई उठवावयाची तर तिच्या जागीं दुसरी बंधनकारक व्यवस्था आधीं उभी करावी लागेल.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. परवाना कोण देतो? याचें उत्तर असें कीं, प्रत्येक राष्ट्रानें आपल्या माणसांना तो द्यावयाचा असतो. खंडाला धनी नाहीं. पण तेथें जाणाऱ्या प्रत्येक माणसाला व प्रत्येक जहाजाला कोणतें ना कोणतें राष्ट्र आहेच. म्हणून प्रत्येक राष्ट्रानें आपल्या घरांत कायदा करावा, आणि आपला मनुष्य घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच त्याला विचारावें कीं, 'तूं तेथें जाऊन काय करणार, आणि परत येतांना काय मागें ठेवून येणार?' अमेरिकेनें असा कायदा १९७८ सालीं, ब्रिटननें १९९४ सालीं व भारतानें २०२२ सालीं केला. अर्थात् पहारा वेशीवर नाहीं, तो प्रत्येकाच्या स्वतःच्या दारांत आहे. मुंबईचा एखादा गृहस्थ अर्जेंटिनांतील उशुआया बंदरावर जाऊन एखाद्या परदेशी कंपनीच्या जहाजांत बसतो, तेव्हां सामान्यतः ती कंपनी ज्या राष्ट्राकडून परवानगी घेऊन निघालेली असते, त्या परवानगीच्या छायेखालींच तो प्रवास करीत असतो. मात्र अटी पाळण्याचें कर्तव्य त्याचेंहि असतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. कोट्यवधि चौरस किलोमीटरांच्या बर्फावर चार माणसें हिंडलीं तर काय बिघडलें? याचें उत्तर त्या भूमीच्या स्वभावांत आहे. आपल्याकडे पावसाळा आला कीं पायवाटेवरहि गवत उगवतें, आणि एका वर्षाची जखम दुसऱ्या वर्षीं भरून निघते. अंटार्क्टिकांत तसें नाहीं. तेथील अगदीं थोडी जमीन उघडी असून तीवरच शेवाळ, दगडफूल व पक्ष्यांच्या वसाहती यांचा सारा संसार चालतो. तेथील शेवाळ वर्षांतून फार तर कांहीं मिलिमीटर वाढतें. त्यावर उमटलेलें एक पाऊल कित्येक वर्षें तसेंच दिसत राहतें. फुलें येणाऱ्या मूळच्या वनस्पति सबंध खंडावर केवळ दोन आहेत: एक गवत, व दुसरें उशीसारखें दाट वाढणारें लहानसें रोप. अशा ठिकाणीं बाहेरचें एखादें चिवट बीं पडलें तर काय होईल, याची कल्पना करावी.

ही नुसती कल्पनाच नव्हे. किंग जॉर्ज बेटावर पोलंडचें आर्क्टोव्स्की नांवाचें ठाणें आहे. तेथें १९८५-८६ च्या उन्हाळ्यांत पोआ ॲनुआ नांवाचें परकी गवत उगवलेलें आढळलें. जगांतील बागांतून व हिरवळींतून सर्वत्र माजणारें हें सामान्य गवत माणसांबरोबर तेथें पोंचलें, रुजलें, आणि पुढें तें उपटून काढण्यासाठीं शास्त्रज्ञांना मोठी मोहीम हातीं घ्यावी लागली. २००७-०८ च्या उन्हाळ्यांत तेथें जाणाऱ्या लोकांचे कपडे, बूट व पिशव्या तपासण्यांत आल्या, तेव्हां ज्यांच्यापाशीं बीजें आढळलीं त्यांच्याकडे दर माणशीं सरासरी साडेनऊ बीजें सांपडलीं. त्यांतहि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, चैनीखातर आलेल्या प्रवाशांपेक्षां शास्त्रज्ञांच्या अंगावर अधिक बीजें होतीं! प्रवाशाचे कपडे बहुधा नवे असतात. शास्त्रज्ञाचा जुना कोट व जुने बूट मात्र अनेक रानें तुडवून आलेले असतात. ज्ञान हें पवित्र खरें, पण ज्ञान्याच्या बुटाला लागलेला चिखल त्यामुळें पवित्र होत नाहीं.

म्हणून जोडकराराचे नियम बारीकसारीक गोष्टींतहि शिरले आहेत. जिवंत कोंबड्या किंवा इतर पक्षी तेथें नेतां येत नाहींत. निर्जंतुक न केलेली माती शक्य तोंवर नेऊं नये. सामान बांधतांना वापरतात त्या हलक्या कृत्रिम गोळ्यांना व कीटकनाशकांनाहि बंदी आहे. शास्त्रीय किंवा आरोग्याच्या कामासाठीं लागणारीं तेवढीं औषधें नेण्यास मोकळीक आहे. बॅटऱ्या व जवळजवळ सर्व प्रकारचें प्लास्टिक ज्यानें नेलें त्यानेंच परत आणावयाचें. सर्वांत मनाला चटका लावणारा नियम कुत्र्यांचा आहे. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर प्रथम पोंचला, तो कुत्र्यांच्या गाड्यांच्या बळावर. परंतु कुत्र्यांचे रोग सीलांना लागतील या भीतीनें १ एप्रिल १९९४ पूर्वीं सर्व कुत्रे खंडाबाहेर न्यावेत असें ठरलें, व त्याप्रमाणें ते नेण्यांत आले. ज्या इमानी प्राण्यानें मनुष्याला तेथें पोंचविलें, त्यालाहि निरोप द्यावा लागला. आणि ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. कारण २०२४ च्या फेब्रुवारींत घातक पक्षिज्वराचा विषाणु खंडाच्या मुख्य भूमीवर मेलेल्या स्कुआ पक्ष्यांत सांपडला. तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर गेला असें मानतात. परंतु एका वसाहतींतून दुसरींत तो माणसाच्या बुटानें जाऊं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहेच.

परवाना मागणाऱ्याला प्रथम आपल्या बेताचे परिणाम लिहून द्यावे लागतात. या परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. परिणाम 'किंचित् किंवा तात्पुरता' याहूनहि कमी असेल, तर प्राथमिक तपासणीवर काम भागतें. तो किंचित् किंवा तात्पुरता असण्याचा संभव असेल, तर त्याचें रीतसर मूल्यमापन लिहावें लागतें. आणि त्याहून अधिक असेल, तर सविस्तर मूल्यमापनाचा मसुदा तयार करून तो सर्व राष्ट्रांकडे धाडावा लागतो. आक्षेप कळविण्यासाठीं त्यांस ९० दिवस द्यावे लागतात, आणि राष्ट्रांच्या परिषदेच्या निदान १२० दिवस आधीं तो त्यांच्या हातीं पडावा लागतो. परिषदेंत विचार झाल्यावांचून कामाला हात घालतां येत नाहीं. आपल्या देशालाहि ही परीक्षा चुकली नाहीं. लार्समन टेंकड्यांवर 'भारती' हें नवें ठाणें बांधावयाचें ठरलें, तेव्हां त्याचें सविस्तर मूल्यमापन गोव्यांतील संस्थेनें तयार केलें व तें सर्व राष्ट्रांपुढें मांडलें गेलें. १३४ मालवाहू पेट्या एकमेकींस जोडून ही इमारत उभारलेली असून, उद्यां गरज संपल्यास ती उकलून परत आणतां यावी अशी तिची योजना आहे. ती मार्च २०१२ मध्यें सुरू झाली.

या परीक्षेचें बळ किती व दुर्बळता कोठें, हें व्होस्तोक सरोवराच्या कथेवरून उत्तम कळतें. वर सांगितलेल्या व्होस्तोक ठाण्याखालीं सुमारें चार किलोमीटर जाडीच्या बर्फाच्या तळाशीं एक विशाल सरोवर आहे. तें सुमारें २५० किलोमीटर लांब व ५० किलोमीटर रुंद असून, लक्षावधि वर्षें बाहेरच्या जगाशीं त्याचा संबंध आलेला नाहीं. त्यांत जीव असतील तर ते कसे असतील, हें जाणण्याची उत्कंठा कोणाला वाटणार नाहीं? रशियन शास्त्रज्ञांचें छिद्र त्या दिशेनें खालीं चाललेंच होतें. परंतु छिद्र बर्फाच्या दाबानें मिटूं नये म्हणून त्यांत टनावारी केरोसीन भरलेलें होतें. तें सरोवरांत उतरलें तर जें पाहावयास आलों तेंच आपण नासवून टाकूं, अशी शंका जगांतील शास्त्रज्ञांनीं काढली, आणि १९९८ सालीं ३,६२३ मीटर खोलीवर काम थांबलें. पुढें रशियानें मूल्यमापनाचा मसुदा राष्ट्रांपुढें ठेवला. त्यावर अनेक प्रश्न विचारले गेले. शेवटीं अशी युक्ति योजण्यांत आली कीं, छिद्रांतील दाब सरोवराच्या दाबाहून कमी ठेवावा, म्हणजे तेल खालीं न जातां पाणीच वर येईल व छिद्रांत गोठून बसेल. ५ फेब्रुवारी २०१२ रोजीं ३,७६९ मीटर खोलीवर पाणी लागलें आणि तें त्याप्रमाणें वर चढलें. तरीहि पुढें काढलेल्या त्या गोठल्या पाण्याच्या नमुन्यांत तेलाचा अंश मिसळल्यामुळें त्यांच्या परीक्षणांत अडचण आलीच. याच्या उलट अमेरिकन शास्त्रज्ञांनीं जानेवारी २०१३ मध्यें व्हिलन्स सरोवरावरील सुमारें ८०० मीटर बर्फ गाळलेल्या व जंतुनाशक किरणांनीं शुद्ध केलेल्या कढत पाण्यानें वितळवून छिद्र पाडलें, आणि तेथील पाण्यांत त्यांना जिवंत सूक्ष्म जीव आढळले.

या कथेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, इतर राष्ट्रांना रशियाचें काम बंद पाडण्याचा अधिकार नव्हता. परवाना देणारें सरकार त्यांचें तेंच होतें. दुसरी ही कीं, केवळ प्रश्न विचारण्याच्या अधिकारानेंहि काम कांहीं वर्षें लांबलें व पद्धति सुधारली. चारचौघांसमक्ष आपला बेत वाचून दाखवावा लागला, म्हणजे मनुष्य तो बेत स्वतःहि पुन्हां एकदां वाचतो.

सबंध खंड राखीव असलें तरी त्यांतील कांहीं जागा विशेष नाजूक आहेत. अशीं सत्तरांहून अधिक 'विशेष संरक्षित क्षेत्रें' ठरविलेलीं आहेत. कोठें पक्ष्यांची वसाहत, कोठें शेवाळाचा गालिचा, कोठें दुर्मिळ खडक, तर कोठें स्कॉट व शॅकलटन यांच्या मोहिमांच्या लांकडी झोंपड्या यांचें रक्षण करावयाचें असतें. आपल्या कोंकणांत व सह्याद्रींत देवराया असतात. तेथील वाळलेली काटकीहि गांवकरी उचलीत नाहींत. या क्षेत्रांची रीत कांहींशी तशीच आहे, मात्र तेथें देवतेच्या भयाऐवजीं लिखित योजना असते. कोण जाऊं शकेल, कोणत्या वाटेनें, काय उचलूं शकेल, हें त्या योजनेंत असतें, आणि निदान दर पांच वर्षांनीं तिची फेरतपासणी व्हावी लागते. स्वतंत्र परवान्यावांचून आंत पाऊलहि टाकतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर आंत असतांना परवान्याची प्रत जवळ बाळगावी लागते. जेथें शेंकडो कोसांत ती पाहणारा कोणी नाहीं, तेथें खिशांत कागद ठेवावयाचा! ही गोष्ट प्रथम हास्यास्पद वाटते. परंतु तो कागद दुसऱ्याला दाखविण्यासाठीं नसून स्वतःला आठवण राहावी म्हणून आहे, असें म्हटलें तर तिचा खरा अर्थ उलगडतो.

अशा क्षेत्रांपैकीं दोहोंचा येथें उल्लेख केला पाहिजे. शिर्माखर नांवाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यांतील 'दक्षिण गंगोत्री हिमनदी' हें क्षेत्र भारताच्या सूचनेवरून २००५ सालीं संरक्षित झालें. त्या हिमनदीचें मुख किती मागें सरतें, याची मोजणी आपले शास्त्रज्ञ करीत आले आहेत. आणि मोजणी खरी ठरावयाची तर त्या मुखाला कोणी धक्का लावतां कामा नये. दुसरें क्षेत्र एरेबस पर्वताच्या उतारावर आहे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजीं न्यूझीलंडहून केवळ आकाशांतून हें खंड पाहण्यासाठीं निघालेलें एक प्रवासी विमान त्या पर्वतावर आदळलें, व आंतील सर्व २५७ माणसें मृत्यु पावलीं. ज्यांचे देह परत आणतां आले नाहींत त्यांची ती समाधि समजून ती जागा संरक्षित करण्यांत आली. ज्या खंडावर स्मशान नव्हतें, तेथें मनुष्यानें आपली समाधि निर्माण केली ती अशी.

आतां प्रवाशांविषयीं. लार्स-एरिक लिंडब्लाड या गृहस्थांनीं १९६६ सालीं सशुल्क प्रवाशांची सफर अंटार्क्टिकांत नेली, आणि तेव्हांपासून आजच्या पर्यटनाची परंपरा सुरू झाली असें समजतात. २०२३-२४ च्या एका उन्हाळ्यांत तेथें जाणाऱ्या प्रवाशांची संख्या एक लक्षाच्या वर गेली. यांतील बहुतेक सर्व जण दक्षिण अमेरिकेच्या समोरील एका द्वीपकल्पाकडेच जातात. म्हणून खंड कितीहि मोठें असलें तरी गर्दी थोड्याच किनाऱ्यांवर होते. १९९१ सालीं सात कंपन्यांनीं मिळून आपली एक संघटना स्थापिली व स्वतःवर नियम घालून घेतले. एका ठिकाणीं एका वेळीं शंभरांहून अधिक प्रवासी उतरवूं नयेत. पांचशेंहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजानें कोणासहि किनाऱ्यावर उतरवूं नये. वीस प्रवाशांमागें निदान एक मार्गदर्शक असावा. पेंग्विनपासून निदान पांच मीटर दूर राहावें. बूट घासून धुतल्याशिवाय उतरूं नये. दगड, हाड किंवा पीस आठवण म्हणून आणूं नये. परवाना देणारीं राष्ट्रें अशाच अटी घालतात, आणि त्याशिवाय जहाज संकटांत सांपडल्यास सुटकेची तजवीज काय, हेंहि विचारतात.

हा शेवटला प्रश्न किती अगत्याचा आहे, तें अपघातांनीं दाखवून दिलें आहे. २८ जानेवारी १९८९ रोजीं 'बाहिया पारायसो' हें अर्जेंटिनाचें जहाज खडकाला लागून फुटलें, आणि सुमारें सहा लक्ष लिटर इंधन समुद्रांत पसरलें. ज्या 'एक्सप्लोरर' जहाजानें लिंडब्लाड यांच्या सफरींना नांव मिळवून दिलें, तेंच २३ नोव्हेंबर २००७ रोजीं बर्फाला आदळून बुडालें. दैवाची कृपा एवढीच कीं, त्यांतील १५४ माणसें जवळच्या दुसऱ्या जहाजानें सुखरूप वांचविलीं. पुढें १ ऑगस्ट २०११ पासून त्या समुद्रांत जड इंधनतेल वापरण्यास व वाहून नेण्यास बंदी झाली. त्याच वर्षीं 'बर्सर्क' ही नॉर्वेची लहान नौका परवानगीवांचून रॉस समुद्रांत गेली. फेब्रुवारीच्या वादळांत ती नाहींशी झाली, व तीवरील तीन माणसें पुन्हां दिसलीं नाहींत. त्यांच्या शोधासाठीं इतरांना आपले जीव धोक्यांत घालावे लागले. सफरीच्या म्होरक्याला पुढें त्याच्याच देशांत दंड झाला. परवाना हा केवळ पेंग्विनांचें रक्षण करतो असें नव्हे. साहस करणाऱ्याचें व त्याला शोधावयास जाणाऱ्याचेंहि तो रक्षण करतो.

या व्यवस्थेचे दोष झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. निर्णयाचा अधिकार असलेलीं राष्ट्रें २९ असून प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीनें व्हावा लागतो. एकानें मान हलविली नाहीं तर गाडी अडते. शंभर व पांचशें प्रवाशांचे जे नियम वर सांगितले, ते राष्ट्रांच्या परिषदेनें २००९ सालीं संमत केले; परंतु २०२४ च्या मे महिन्यांत आपल्या कोचीन शहरीं परिषद भरली तेव्हां, पंधरा वर्षें उलटूनहि, सर्वांची रीतसर मान्यता न मिळाल्यामुळें ते कराराचा कायदा झालेले नव्हते. अपघातानंतर सफाईचा खर्च कोणी द्यावा, हें सांगणारें २००५ सालचें परिशिष्टहि तोंपर्यंत तसेंच पडून होतें. कोचीनच्या परिषदेंत पर्यटनासाठीं एक सर्वंकष चौकट आंखण्याच्या कामाला आरंभ झाला, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. याच्या उलट उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूह पाहावा. तेथें नॉर्वेचें स्वामित्व सर्वमान्य आहे. म्हणून संरक्षित भागांत दोनशेंहून अधिक प्रवाशांचें जहाज येऊं नये, व ठरलेल्या ४३ जागींच उतरावें, असा नियम १ जानेवारी २०२५ पासून एका सरकारच्या हुकुमानें लागू झाला. जेथें धनी आहे तेथें हुकूम चालतो. जेथें नाहीं तेथें सर्वांची मनें वळवावीं लागतात, आणि मनें वळण्यास हिमनदीइतकाच वेळ लागतो.

आपल्या देशाची गोष्ट सांगून हें विवेचन पुरें करूं. ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून 'पोलर सर्कल' हें भाड्याचें जहाज निघालें; डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं २१ भारतीय त्यांत होते, व ९ जानेवारी १९८२ रोजीं ते अंटार्क्टिकावर उतरले. तेव्हां भारत कराराचा सभासदहि नव्हता. पुढें 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री' व 'भारती' अशीं ठाणीं झालीं, आणि गोव्यांतील वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्राकडून मोहिमांची व्यवस्था होऊं लागली. तथापि आपल्या माणसानें तेथें अपराध केला तर त्याला कोणत्या कायद्यानें शिक्षा करावी, याचें उत्तर चाळीस वर्षें आपल्यापाशीं नव्हतें. तें २०२२ च्या कायद्यानें दिलें. परवाने देण्यासाठीं त्यानें एक समिति नेमण्याची व्यवस्था केली. परवान्यावांचून खनिजांसाठीं खोदणाऱ्यास किंवा परकी प्राणी-वनस्पति नेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद व दहा लक्षांपासून पन्नास लक्षांपर्यंत दंड, आणि अणुस्फोट करणाऱ्यास निदान वीस वर्षें कैद, अशा शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. बर्फावर केलेल्या अपराधाचा न्याय आतां आपल्याच देशांतील न्यायासनासमोर होईल.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कोणी उद्यां शास्त्रज्ञ होऊन 'मैत्री'वर राहील, कोणी वैद्य म्हणून 'भारती'वर एक हिंवाळा काढील, कोणी प्रवासी म्हणून तो किनारा पाहील. त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, त्या वेळीं परवान्याच्या अर्जाला अडथळा समजूं नये. दुसऱ्याच्या घरांत आपण धन्याच्या भिडेनें जपून वागतों. त्यांत फारसें पुण्य नाहीं. ज्या घरांत धनी दिसत नाहीं, जेथील मुका पक्षी तक्रार करीत नाहीं आणि तुडविलेलें शेवाळ साक्षीला येत नाहीं, तेथें आपण कसे वागतों यावरून आपली परीक्षा होते. ईश्वराची ही सृष्टि आपल्या ताब्यांत आहे ती मालमत्ता म्हणून नव्हे, तर ठेव म्हणून. आणि ठेव सांभाळणाऱ्या विश्वस्ताला हिशेब लिहून ठेवावाच लागतो. अंटार्क्टिकाचा परवाना म्हणजे त्या हिशेबाचें पहिलें पान होय.